वीस प्याल्यांचा हिशेब आणि एक सबब

१/ सन १६०५. तख्तावर येताच जहांगीराने बारा हुकूम काढले. त्यांतील एक असा: राज्यात दारू वा अन्य मादक पदार्थ कोणी बनवू नये, विकू नये. आपल्या आत्मवृत्तात हा हुकूम नोंदवतानाच तो कबूल करतो, की तो स्वतः मात्र अठराव्या वर्षापासून पीत आला आहे.

२/ प्रारंभ साधाच होता. अटकेजवळ शिकारीने थकलेल्या शाहजाद्याला कोणी सुचवले, की एका प्याल्याने शीण जाईल. पुढे द्राक्षमद्य पुरेनासे झाले. दोनदा गाळलेला अर्क सुरू झाला. दिवसा चौदा आणि उरलेले रात्री, असे वीस प्याले! हात इतके कापू लागले, की प्याला दुसऱ्याने ओठांशी धरावा लागे.

३/ हकीम हुमामने स्पष्ट बजावले: असेच चालले तर सहा महिन्यांनी उपाय उरणार नाही. शाहजादा हादरला. सात वर्षांत त्याने प्रमाण पाच-सहा प्याल्यांवर आणले.

४/ व्यसनाचा शेवट त्याने घरातच पाहिला होता. धाकटा भाऊ मुराद १५९९ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर मद्यपानाने खंगून गेला. दुसरा भाऊ दानियाल बुऱ्हाणपुरात होता. अकबराच्या आज्ञेवरून त्याच्याभोवती पहारे बसले, तेव्हा त्याने सेवकांकरवी बंदुकीच्या नळीतून अर्क आणवला. नळीतील गंज त्यात उतरला. १६०५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो मरण पावला. ही हकीकत जहांगीराने स्वतःच, काहीही न झाकता, लिहून ठेवली आहे.

५/ आणि स्वतःविषयी? अडतिसाव्या वर्षी तो लिहितो, की आता केवळ अन्न पचावे म्हणून पितो.

६/ नाकबुली म्हणजे नेहमी खोटे बोलणे नव्हे. जहांगीराने प्याले मोजले, कापरे हात लपवले नाहीत. सत्य सारे सांगितले. फक्त ते भूतकाळात ढकलले. भावाचे ते व्यसन, आपले ते औषध!

७/ सबब टिकली नाही. १६२१ च्या आजारपणात आराम वाटतो म्हणून त्याने पुन्हा मर्यादा ओलांडली. अखेर नूरजहानने हळूहळू प्याले कमी केले. स्वतःच्या हिशेबावर स्वतःच पहारा ठेवणे बादशहालाही साधले नाही. तो पहारा जवळच्या माणसाला द्यावा लागला.