घरातली जुनी माउंटन बाइक: भंगारात देण्याआधी मोबाईलने काय तपासाल?

आमच्या भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यांबाहेर सायकली उभ्या दिसतात. त्यात कधीतरी रुंद टायरची, सरळ हँडलची, रंग उडालेली एखादी एमटीबीही असते. अशी सायकल मामा-काकांकडून आपल्याकडे आली की घरातले म्हणतात, "देऊन टाक, जागा अडते." भंगारवाला फक्त वजन बघतो. म्हणून ती नक्की काय आहे, हे आधी आपणच ओळखायला हवं.

विंटेज एमटीबी म्हणजे काय?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे 'रीपॅक' शर्यत सुरू झाली. उतारावर ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळायचं आणि नवं भरावं लागायचं, म्हणून हे नाव पडलं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर बाजारात आली आणि १९९६ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. साधारण नव्वदच्या दशकापर्यंतच्या २६ इंची सायकलींना शौकीन लोक विंटेज म्हणतात. त्यातल्या बऱ्याच स्टीलच्या, सस्पेन्शन नसलेल्या असतात.

मोबाईलने ओळख कशी पटवाल?

१. फ्रेम नंबर: सायकल उलटी करा. पायडलच्या एक्सलखाली, फ्रेमवर नंबर कोरलेला असतो. तिथे नसेल तर सीटच्या नळीवर बघा. टॉर्च तिरपा धरून फोटो काढा, अक्षरं स्पष्ट दिसतात.

२. पार्टचं वय: शिमानोच्या जुन्या पार्टवर मागच्या बाजूला दोन अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं: ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं झेडपर्यंत. दुसरं महिन्याचं: ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. माझ्या मामांनी एक एमटीबी सेकंडहँड घेतली होती. ती किती जुनी, हे घरात कुणालाच सांगता येईना. डिरेलरवर 'आर ई' सापडलं, म्हणजे मे १९९३. हे वय पार्टचं असतं, त्यामुळे दोन-तीन पार्ट ताडून बघा.

३. टायरचा आकडा: '२६ इंच' एवढ्यावर टायर घेऊ नका. एमटीबीच्या टायरवर ५५९ हा आकडा असतो, २६ × १ ३/८ च्या टायरवर ५९०. दोन्ही २६ इंचीच, पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. फोटो काढून दुकानात दाखवा.

चालवण्याआधी काय बघाल?

फ्रेमच्या जोडांवर आणि चिमट्यावर बारीक भेग आहे का, हे कॅमेरा झूम करून बघा. भेग असेल तर चालवू नका. ब्रेक रबर कडक झाले असतील आणि टायरला चिरा पडल्या असतील, तर दोन्ही बदला. चाक डुगडुगत असेल तर मेकॅनिककडून आउट काढून घ्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात सीटची दांडी फ्रेममध्ये गंजून अडकते. हातोडी मारू नका, तेल सोडून थांबा.

रंग घाईने काढू नका. मूळ रंग आणि स्टिकर गेले की ओळखीचा मोठा पुरावा जातो. मामांच्या सायकलवरचे ओरखडेसुद्धा मी तसेच ठेवलेत.

विकत घेताना

सायकलला आरसी बुक नसतं. म्हणून विकणाऱ्याकडून फ्रेम नंबर लिहिलेली सही-तारखेची पावती घ्या, नाहीतर चोरीची सायकल गळ्यात पडू शकते. घरातलीच असेल तर जुनं बिल आणि सायकलवर बसलेल्या माणसाचा फोटो शोधून स्कॅन करा. जुन्या सायकली जवळून बघायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल म्युझियम आहे.

कुठे चालवाल?

आधी मोकळ्या कच्च्या वाटेवर ब्रेक तपासा. मग अंबाडीमार्गे वज्रेश्वरी करता येईल, पण वाडा रोडला ट्रक असतात. पहाटे उजेड झाल्यावर निघा, हेल्मेट घाला आणि मागे लाल लाइट लावा.

टीप: हे सगळे फोटो एका अल्बममध्ये ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना दाखवा. सायकल कधी, कुठून आली हे त्यांना आठवतंय तोवरच विचारून घ्या. ती माहिती कुठल्याच पार्टवर कोरलेली नसते.