परवान्याची किंमत आणि देखभालीचे मोल

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि त्यांचा लाभ घेऊ शकतील अशा सुमारे ६,३०० सरकारी संस्था, असा तिचा आवाका आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला शोधनिबंध वाचता येण्याची सोय त्यामुळे झाली. मात्र त्या शोधनिबंधातील आलेख ज्या सॉफ्टवेअरने काढला, समीकरण ज्याने सोडवले, रेणूची ऊर्जा ज्याने मोजली, त्याच्या किमतीचा प्रश्न या योजनेच्या कक्षेबाहेर आहे. तो प्रश्न नवा नाही. विज्ञानाने सॉफ्टवेअरसाठी पैसे कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटींवर द्यावेत, याचा वाद सुमारे पंचावन्न वर्षे चालू आहे.

त्याआधी हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला, तेव्हा त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला स्वतंत्र किंमत असते ही कल्पना कोणाच्या मनात असणे शक्य नव्हते. यंत्र महाग होते. प्रोग्राम म्हणजे ते यंत्र वापरण्याची रीत, आणि ती सहकाऱ्याकडून सहकाऱ्याकडे जाई. अमेरिकेतही फारसे वेगळे नव्हते. आयबीएमचा संगणक घेतला की सॉफ्टवेअर आणि ते बसवून देणारा अभियंता दोन्ही त्याच भाड्यात येत. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने जाहीर केले की यापुढे सॉफ्टवेअर व सेवा यांची आकारणी यंत्रापासून वेगळी होईल. अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्याची छाया त्या निर्णयावर होती. हेतू काहीही असो, सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू ठरली ती त्या दिवसापासून, असे म्हणण्यास हरकत नाही.

विज्ञानाच्या क्षेत्रात या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण मॅटलॅबचे आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पुढाकाराने ‘आइसपॅक’ आणि ‘लिनपॅक’ हे फोरट्रान प्रोग्रामांचे दोन संच तयार झाले. पहिला मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये काढी, दुसरा रेषीय समीकरणे सोडवी. दोन्ही सार्वजनिक पैशातून घडले आणि सर्वांना खुले होते. या कामात सहभागी असलेले गणिती क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत. फोरट्रान न शिकताही विद्यार्थ्यांना हे संच हाताळता यावेत म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. मॅट्रिक्स हा त्यातील एकमेव विदाप्रकार. नाव ‘मॅट्रिक्स लॅबोरेटरी’ यावरून मॅटलॅब. मागेल त्याला ते फीत पाठवत.

१९७९ साली स्टॅनफर्डमध्ये शिकवताना त्यांनी तो वर्गात वापरला आणि तेथून त्याची ख्याती नियंत्रण-अभियांत्रिकीच्या मंडळींपर्यंत पोहोचली. जॅक लिटल या अभियंत्याने त्यात व्यवसाय पाहिला. लिटल आणि स्टीव्ह बँगर्ट यांनी सारा प्रोग्राम सी भाषेत नव्याने लिहिला, १९८४ साली मॅथवर्क्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९८५ मध्ये एमआयटीने दहा प्रती विकत घेतल्या.

येथे एक सोपा निष्कर्ष मोहात पाडतो: जनतेच्या पैशावर उभे राहिलेले ज्ञान खासगी झाले. तो अर्धाच खरा आहे. आइसपॅक व लिनपॅक कोणी कुलूपबंद केले नाहीत. ते खुलेच राहिले, आणि त्यांचा वारस ‘लॅपॅक’ आजही खुला आहे. २००० सालापासून मॅटलॅब स्वतः त्याच्याच आधारे मॅट्रिक्सचे गणित करते. ग्राहकाने पैसे मोजले ते सभोवतालच्या गोष्टींसाठी: सुबोध दस्तऐवज, सुबक आलेख, दहा वर्षांपूर्वीची फाइल आजही चालेल याची बऱ्यापैकी खात्री, आणि अडले तर उत्तर देणारा कोणीतरी. विमानाच्या नियंत्रणप्रणालीचे प्रतिमान सिम्युलिंकमध्ये उभारणाऱ्या अभियंत्याला ती किंमत जड वाटत नाही, आणि वाटू नये. त्याचा वेळ परवान्यापेक्षा महाग असतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याचे गणित वेगळे आहे. शिष्यवृत्ती संपते, संस्था बदलते, परवाना मागे राहतो आणि पाच वर्षांत लिहिलेले प्रोग्राम स्वतःच्याच लॅपटॉपवर उघडेनासे होतात.

रसायनशास्त्रातील कथा याहून कडवट आहे. कार्नेगी-मेलन विद्यापीठातील जॉन पोपल यांच्या गटाने रेणूंच्या पुंजयांत्रिक गणनेसाठी ‘गॉसियन ७०’ हा प्रोग्राम तयार केला. इंडियाना विद्यापीठातून चालणाऱ्या प्रोग्राम-विनिमय केंद्रामार्फत तो जगभर गेला. याच कार्यासाठी पोपल यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वॉल्टर कोन यांच्यासमवेत मिळाले. दरम्यान १९८७ पासून गॉसियनची मालकी व विक्री एका कंपनीकडे गेली होती. पोपल तिच्यापासून दुरावले आणि ‘क्यू-केम’ या स्पर्धक सॉफ्टवेअरशी जोडले गेले. स्पर्धक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना परवाना न देण्याचे गॉसियनचे धोरण पुढे जाहीर वादाचा विषय झाले. परवाना नाकारला गेलेल्यांत खुद्द पोपल यांचेही नाव घेतले जाते. पैसे देण्याची तयारी असूनही सॉफ्टवेअर मिळणार नाही, ही शक्यता तोवर फारशी कोणी विचारात घेतली नव्हती. ज्या विषयात दुसऱ्याचा निष्कर्ष पडताळून पाहणे हा मूळ धर्म, तेथे ही अट साधी नव्हती.

याच विषयात पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांचा गट वेगळ्या अडचणीशी झुंजत होता. मोठ्या रेणूचे गणित हाती असलेल्या संगणकात मावत नसे. १९९४ साली या गटाने मांडलेली पद्धत शिंप्याच्या कामासारखी आहे: रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे कापायचे, प्रत्येकाचे गणित स्वतंत्र करायचे आणि उत्तरे शिवून संपूर्ण रेणूचे उत्तर मिळवायचे. तिचे नावही ‘मॉलेक्युलर टेलरिंग’ असेच आहे. पुढे ही पद्धत ‘गॅमेस’ या अमेरिकी प्रोग्रामला जोडली गेली. गॅमेस वापरकर्त्याला विनामूल्य मिळतो आणि मुख्य म्हणजे त्याचा मूळ कोड हाती येतो. पुण्यातील संशोधकांना उपयोगी पडला तो हा दुसरा गुण. विनामूल्य असणे आणि आत शिरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संशोधकासाठी दुसरी अधिक मौल्यवान आहे.

आत शिरता न येण्याची किंमत काय असते, हे तीन स्पॅनिश गणितज्ञांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’मध्ये लिहून ठेवले आहे. ते मॅथेमॅटिका वापरत होते. स्टीफन वुल्फ्रम यांचे हे सॉफ्टवेअर २३ जून १९८८ रोजी बाजारात आले होते (आयबीएमच्या घोषणेची तारीखही २३ जूनच, हा निव्वळ योगायोग). मोठ्या पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचे निश्चायक काढताना त्यांना चुकीची उत्तरे मिळू लागली. तेच गणित पुन्हा दिले तर कधी कधी उत्तर बदले. संशय प्रथम स्वतःच्या सिद्धांतावर आला, आणि तो स्वाभाविक होता. एवढ्या प्रतिष्ठित सॉफ्टवेअरवर कोण संशय घेईल? मेपल या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर पडताळणी केल्यावर दोष कोठे आहे ते कळले. त्यांनी कंपनीला कळवले. दोष नेमका कोठल्या ओळीत आहे हे शोधणे त्यांच्या हाती नव्हते, कारण त्या ओळी दिसतच नव्हत्या. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष नसतात असे नाही, भरपूर असतात. पण पूर्णांकांचे निश्चायक ही गणितज्ञाच्या हातची गोष्ट आहे. कोड समोर असता तर वापरणाऱ्याला निदान शोध घेता आला असता.

मग खुले सॉफ्टवेअर घ्यावे आणि प्रश्न मिटवावा? त्याचे बिल दुसरीकडे येते. एमआयटीत १९६८ पासून घडलेली ‘मॅक्सिमा’ची पूर्वज ‘मॅकसिमा’ ही बीजगणित करणाऱ्या आद्य प्रणालींपैकी एक होती. तिची व्यापारी आवृत्ती विकणारी कंपनी डबघाईस आली आणि ती आवृत्ती काळाच्या ओघात मागे पडली. अमेरिकी ऊर्जा खात्याकडे असलेली प्रत मात्र टेक्सास विद्यापीठातील विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून सांभाळली. १९९८ साली त्यांनी ती खुल्या परवान्याखाली देण्याची परवानगी मिळवली. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. आज कोणीही ‘मॅक्सिमा’ उतरवून घेऊ शकतो, ते एका माणसाच्या एकोणीस वर्षांच्या श्रमामुळे. त्या श्रमाचे देयक कोणाच्या नावे निघाले नाही.

पायथनची गोष्ट याच वळणाने जाते, आणि तिचा भारताशी संबंध अधिक निकटचा आहे. २००५ च्या सुमारास पायथनमधील संख्यात्मक गणनेसाठी दोन परस्परविरोधी लायब्ररी होत्या. ट्रॅव्हिस ऑलिफंट या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील तरुण प्राध्यापकाने त्या एकत्र आणून ‘नमपाय’ लिहिली. २००६ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. कोड विनामूल्य होता. खर्च भागावा म्हणून ऑलिफंट यांनी तिची मार्गदर्शक पुस्तिका पैसे घेऊन विकली. शोधनिबंधांच्या संख्येवर बढती ठरणाऱ्या व्यवस्थेत लायब्ररी लिहिण्यात वर्षे घालवणे म्हणजे काय, हे कोणत्याही विद्यापीठातील तरुण अध्यापकाला सांगावे लागणार नाही. पुढे ते विद्यापीठ सोडून उद्योगात गेले.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीची घोषणा झाली. अपेक्षित लहरीच्या आकाराशी विदा जुळवून पाहण्याच्या तंत्राचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. त्या तंत्राने शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी ‘पायसीबीसी’ हे पायथनमध्ये लिहिलेले आणि नमपायवर उभे आहे. घोषणेनंतर सहाच दिवसांनी मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. या सगळ्या धामधुमीत एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटला: नमपायच्या विकासासाठी पहिले मोठे अनुदान मिळाले ते २०१७ मध्ये, आणि तेही खासगी प्रतिष्ठानांकडून. शतकातील मोठ्या शोधांपैकी एक ज्या लायब्ररीवर टेकला होता, ती तोवर मुख्यतः फावल्या वेळात सांभाळली जात होती.

भारतात या प्रश्नाला दिलेले सर्वांत विचारपूर्वक उत्तर पवईत मिळते. २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाअंतर्गत आयआयटी मुंबईत रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला. फ्रान्समध्ये जन्मलेली ‘सायलॅब’ ही मॅटलॅबसदृश खुली प्रणाली त्यांनी हाती घेतली. केवळ ‘हे वापरा’ असे परिपत्रक काढून भागले नसते, कारण पाठ्यपुस्तके, प्रात्यक्षिके आणि शिक्षकांची सवय सगळे मॅटलॅबमध्ये रुळलेले होते. तेव्हा त्यांनी देशभरच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये लिहून देण्याचे काम दिले आणि तपासणीनंतर त्याचे मानधन दिले. जोडीला ‘स्पोकन ट्युटोरियल’चे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित झाले. सार्वजनिक पैसा येथेही खर्च झालाच. फरक इतका की तो दरवर्षी संपणाऱ्या परवान्यात न जाता, वर्षानुवर्षे राहणाऱ्या मजकुरात आणि तो लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशात गेला.

या कामाचा दर्जा सर्वत्र सारखा नाही आणि उद्योगांत मॅटलॅबची पकड सैल झालेली नाही, हेही खरे. २०१५ साली केंद्र सरकारने आपल्या खात्यांसाठी खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले; पण प्राधान्य देणे निराळे आणि ते सांभाळणाऱ्या माणसाला वेतन देणे निराळे.

एप्रिल २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. ती वेधशाळा पुढे कित्येक वर्षे विदा देत राहील, आणि त्या विदेचे विश्लेषण ज्या लायब्ररींवर होईल त्यांतील पुष्कळशा विनामूल्य असतील. संशोधन अनुदानाच्या अर्जात आजही उपकरणे, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा अधिभार असे रकाने असतात. विकत घ्यायचे सॉफ्टवेअर सहसा उपकरणांत बसवता येते. विनामूल्य सॉफ्टवेअर सांभाळण्याचा खर्च लिहायला त्यात रकाना नाही.