घाटमाथ्यावरचे पाणी आणि खोपोलीचे वीजघर

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या मोठ्या नद्यांपैकी बहुतेक नद्या अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरांच्या आत जन्म घेऊनही त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतात. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते, त्यामुळे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर पडलेल्या पावसाला ही उंची उतरायला हजारापेक्षा जास्त किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. याच पावसाला पश्चिमेकडे वाट करून दिली, तर लोणावळ्याच्या कड्यावरून खोपोलीपर्यंत थोडक्या किलोमीटरांत सुमारे १,७०० फूट, म्हणजे पाचशे मीटरांहून अधिक उतार त्याला मिळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या जलविद्युत योजनेने मावळात जे संपादन केले, त्यात जमीन आणि पाणी तर होतेच, पण तिच्या दृष्टीने खरी मोलाची वस्तू हा उतार होता; योजनेतील यंत्रांची निवड, तिचा आकार आणि पुढे तिच्यावरून झालेला संघर्ष या तिन्ही गोष्टी त्या उतारातूनच समजून घेता येतात.

यामागचे यांत्रिकीचे तत्त्व साधे आहे. एखाद्या वस्तूवर बल लावून ती त्या बलाच्या दिशेने सरकली, म्हणजे बलाने कार्य केले असे मानतात, आणि त्या कार्याचे माप बल व सरकलेले अंतर यांच्या गुणाकाराने मिळते. कार्याची ही काटेकोर व्याख्या फ्रेंच अभियंता-गणिती कोरिओलिस याने १८२९ साली यंत्रांच्या हिशेबासाठीच रूढ केली. कार्य करण्याची क्षमता ती ऊर्जा, आणि उंचावर असल्यामुळे वस्तूकडे जी ऊर्जा साठलेली असते, ती स्थितिज ऊर्जा. एक घनमीटर पाणी, म्हणजे एक टन वजन, ५२० मीटर खाली आले तर सुमारे ५१ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि विजेच्या बिलावरचे एक युनिट ३६ लाख ज्यूलचे असल्याने हा आकडा सुमारे १.४ युनिटांचा होतो. नदीच्या संथ मार्गात हीच ऊर्जा पात्राशी होणाऱ्या घर्षणात आणि गाळ वाहून नेण्यात वाटेवरच खर्च होऊन जाते. पन्नास मीटर उंचीच्या धरणाच्या पायथ्याशी वीजघर बांधले, तर तेवढ्याच विजेसाठी दसपटीहून अधिक पाणी लागेल. म्हणूनच जलाशय तुलनेने लहान असूनही घाटमाथ्याची योजना मोठी ठरू शकली.

या ऊर्जेला गिऱ्हाईक होते ते मुंबईच्या कापडगिरण्यांचे. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या गिरणीची पायाभरणी केली आणि १९१० च्या सुमारास शहरातील गिरण्यांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली होती. प्रत्येक गिरणीत एक मोठे वाफेचे इंजिन असे, त्याचे फिरणे दोर, पट्टे आणि लांबच लांब दांडे यांच्यामार्फत मजल्यामजल्यावरच्या मागांपर्यंत पोहोचवले जाई, आणि या वाटचालीत ऊर्जेचा बराच भाग निव्वळ घर्षणात वाया जाई. मुंबईच्या जवळपास कोळसा सापडत नसल्याने तो दूरवरून आणावा लागे, त्यामुळे इंधनाचा खर्च आणि त्याच्या पुरवठ्याची अनिश्चितता या दोन्ही गोष्टी मालकांना सतत सतावत असत. धुराचा त्रास मात्र गिरणगावात राहणाऱ्यांच्या वाट्याला येत असे. गिरणीमालक वीज मोजत ती अश्वशक्तीत. शक्ती म्हणजे कार्य करण्याचा वेग, अर्थात दर सेकंदाला होणारे कार्य. जेम्स वॉटने आपली इंजिने विकताना ती किती घोड्यांचे काम करतील हे सांगण्यासाठी एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती असे ठरवले होते, आणि आजच्या एककात ती सुमारे ७४६ वॅट होते. खोपोलीच्या उंचीवरून दर सेकंदाला फुलपात्रभर पाणी सोडले, तर यंत्रातील तूट वजा जाता साधारण एक अश्वशक्ती हाती येते, एवढी या कड्याची समृद्धी होती.

लोणावळा-खंडाळ्याच्या पावसाचा असा उपयोग करावा, ही कल्पना मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांची, आणि तिला आधार मिळाला तो जमशेटजी टाटांचा. १९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले तेव्हा योजना कागदावरच होती; पुढे दोराबजी टाटांच्या पुढाकाराने १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, तिच्या भांडवलात अनेक भारतीय संस्थानिकांनी पैसे गुंतवले, फेब्रुवारी १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात पायाभरणी झाली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. भारतातली ही पहिली जलविद्युत नव्हे; दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली लहान वीजघर सुरू झाले होते आणि १९०२ पासून म्हैसूर संस्थानातील शिवनसमुद्राची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळत होती. मात्र त्या दोन्ही ठिकाणी वाहते पाणी होते, आणि मावळात ती सोय नव्हती. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो खरा, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि गिरणी तर बारा महिने चालायची. म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरोता असे तीन तलाव बांधून चार महिन्यांचे पाणी वर्षभर पुरवण्याची व्यवस्था करावी लागली.

तलावातले पाणी कालव्यांनी कड्याच्या टोकाशी आणून तेथून पोलादी नळांतून खाली सोडले जाते. पायथ्याशी नळातला दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नासपट होतो आणि निमुळत्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या झोताचा वेग सेकंदाला शंभर मीटरांच्या, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात जातो. उंचीवरची स्थितिज ऊर्जा येथे गतिज, म्हणजे गतीमुळे असणारी ऊर्जा झालेली असते. एवढ्या वेगवान झोताला कामाला लावण्यासाठी जे चक्र वापरले जाते, त्याचा जन्म कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणींत झाला. तेथे लेस्टर पेल्टन या कारागिराने १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या चक्राच्या परिघावर जोडवाट्यांसारखी पात्रे असून दोन वाट्यांमधल्या धारदार कण्यावर झोत आदळतो, दुभंगतो आणि जवळजवळ उलट दिशेने वळून दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो.

हे उलटे वळणेच या यंत्राचे मर्म आहे. वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात, आणि दर सेकंदाला संवेगात जेवढा बदल होतो, तेवढे बल लागू झालेले असते. झोत सपाट फळीवर आदळून बाजूला सांडला, तर त्याचा पुढे जाणारा संवेग फक्त शून्यावर येतो. तो उलट फिरवला, तर बदल जवळजवळ दुप्पट होतो आणि चक्रावरचे बलही दुप्पट होते. परंतु मोठे बल मिळाले म्हणजे मोठी शक्ती मिळाली असे होत नाही, कारण शक्ती ही बल आणि वेग यांचा गुणाकार आहे. चक्र जखडून ठेवले तर बल सर्वाधिक, पण हालचाल नसल्याने शक्ती शून्य. चक्र झोताइतक्याच वेगाने पळू लागले तर पाणी त्याला गाठतच नाही, म्हणून बल शून्य आणि शक्तीही शून्य. या दोन टोकांच्या बरोबर मध्ये, म्हणजे पात्राचा वेग झोताच्या निम्मा असताना, शक्ती कमाल असते, आणि तेव्हा पात्रातून सुटणाऱ्या पाण्याला जवळजवळ काहीच वेग उरलेला नसतो. ताशी साडेतीनशे किलोमीटरांनी आलेले पाणी चक्राखाली निमूटपणे गळून पडते, यापेक्षा ऊर्जा पुरती काढून घेतल्याची वेगळी पावती नको.

संवेगाचा त्रासही तेवढाच मोठा असतो. मुंबईत एखाद्या क्षणी गिरण्यांचा भार अचानक कमी झाला, तर चक्र भरमसाट वेगाने फिरू नये म्हणून पाणी तत्काळ थांबवावे लागते. पण हजारो फूट लांब नळातून उतरणाऱ्या पाण्याचा स्तंभ एकाएकी अडवला, तर त्याचा सारा संवेग क्षणार्धात शून्य करण्यासाठी लागणारे बल नळाच्या भिंतीवर दाबाच्या हादऱ्याच्या रूपाने येते आणि पोलादही फाटू शकते. यावरचा उपाय अभियंत्यांनी दोन टप्प्यांत केला: झोतासमोर एक पत्रा चटकन आडवा येऊन पाणी चक्रापासून बाजूला वळवतो, आणि मग तोंडातील सुईसारखी झडप सावकाश पुढे सरकून प्रवाह बंद करते. थोडे पाणी वाया जाते, पण नळ वाचतो.

खोपोलीची वीज सुमारे सत्तर किलोमीटर लांबीच्या उच्चदाब तारांनी मुंबईला पोहोचली आणि गिरण्यांत वाफेच्या इंजिनांची जागा विजेच्या मोटारी घेऊ लागल्या. मागणी वाढली तशी ठोकरवाडीच्या धरणावर आधारलेले भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये आणि मुळशीच्या धरणावरचे भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. परंतु मुळशीला योजनेची दुसरी बाजू उघडी पडली. विजेच्या सूत्रात पाणी आणि उंची या दोनच राशी असतात, जमीन नसते. प्रत्यक्षात मात्र एका पावसाळ्याचे पाणी वर्षभर साठवायचे तर रुंद, सपाट खोरे लागते, आणि घाटमाथ्यावरची असली खोरी म्हणजे मावळ्यांची भातखाचरे. मुळा-नीळेच्या खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख नेते, आणि बापटांच्या नावामागे 'सेनापती' ही पदवी याच लढ्यात लागली. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन सावकारांच्या नावावर गेली होती, आणि मोबदल्यावर समाधान मानणारे सावकार व जमीन हाच एकमेव आधार असलेली कुळे यांचे हित एक नव्हते; लढा दुबळा होण्यात या दुहीचा वाटा होता. १९२४ पर्यंत सत्याग्रह ओसरला, धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. गिरण्यांच्या गरजेचा हिशेब अश्वशक्तीत अचूक मांडणाऱ्या सरकारने आणि कंपनीने विस्थापितांच्या उपजीविकेचा हिशेब पैशांतल्या मोबदल्यापाशी संपवला, ही त्या काळची सर्वमान्य रीत असली तरी तिचे समर्थन करता येत नाही.

वळवलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. वीजघरांतून बाहेर पडणारे पाणी खोपोलीला पाताळगंगेत आणि भिऱ्याला कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडजवळ कुंडलिकेत तराफ्यांतून जलविहार चालतो तो भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्याच्या भरवशावर. भीमेच्या कोरड्या खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने मात्र हे आपल्या वाट्याचे पाणी असून ते पूर्वेकडेच सोडावे, ही मागणी आजही केली जाते. टाटांच्या तिन्ही वीजघरांची एकत्रित क्षमता आज ४४७ मेगावॅट आहे, आणि त्यात भिऱ्याच्या १५० मेगावॅटच्या उदंचन संचाचाही समावेश होतो. उदंचन म्हणजे मागणी कमी असताना इतरत्र तयार झालेली वीज खर्चून खालचे पाणी पुन्हा वर चढवणे आणि मागणी वाढताच तेच पाणी खाली सोडणे. या फेऱ्यात मिळणाऱ्या विजेपेक्षा खर्ची पडणारी वीज नेहमीच जास्त असते, तरीही सौर आणि पवनऊर्जेच्या अवेळी येणाऱ्या विजेला साठवण्याचा हा खात्रीचा मार्ग मानला जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि टाटा पॉवर यांच्यात शिरोता येथे १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी करार झाला. शिरोत्याचा तलाव हा मूळ योजनेतील तीन तलावांपैकी एक आहे, आणि तेथे प्रस्तावित असलेली क्षमता खोपोलीच्या आजच्या ७२ मेगावॅटच्या वीजघराच्या बरोबर पंचवीसपट आहे.