टर्बोचार्जरयुक्त मोटारगाडी : उष्णता व ध्वनी यांच्या नियंत्रणाचा इतिहास

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंच्या जोरावर टरबाइन फिरवून, त्याच दंडावरील संपीडकाने सिलिंडरात नेहमीपेक्षा अधिक हवा दाबाने भरणाऱ्या साधनास टर्बोचार्जर म्हणतात. अधिक हवेबरोबर अधिक इंधन जाळता येते व लहान एंजिनापासून मोठी शक्ती मिळते. इंधनातील उष्णतेचा सुमारे एक-तृतीयांश भाग एरवी निष्कास वायूंबरोबर वाया जातो. त्यातील काही अंश या साधनामुळे कामी येतो. परंतु त्याची किंमत बॉनेटखाली मोजावी लागते. उष्णता बाहेर पडण्यासाठी हवेला मोकळी वाट लागते, तर ध्वनी अडविण्यासाठी त्याच वाटा बंद कराव्या लागतात. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचे प्रयत्न हाच टर्बोचार्जरयुक्त मोटारगाडीच्या विकासाचा मुख्य धागा होय.

उगमस्थाने : पेट्रोल एंजिनात पूर्ण भाराखाली टरबाइनमध्ये शिरणाऱ्या वायूंचे तापमान ९५०° ते १,०५०° से.पर्यंत जाते, डीझेल एंजिनात ते पुष्कळ कमी असते. त्यामुळे टरबाइनचे कवच तापून लाल होऊ शकते. तप्त पृष्ठापासून होणारे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून कवचाचे तापमान ६००° से. वरून ८००° से. झाले, तर प्रारणाने बाहेर पडणारी उष्णता दुपटीहून अधिक होते. शेजारच्या रबरी नळ्या, तारांची वेष्टने, बॅटरी व प्लॅस्टिकचे भाग यांना तिची झळ बसते.

ध्वनीच्या बाबतीत टर्बोचार्जरचा परिणाम दुहेरी आहे. निष्कास वायूंचे धक्के टरबाइनमध्ये मोडत असल्याने एंजिनाचा मूळ आवाज सौम्य होतो. डीझेल एंजिनात आत येणारी हवा अधिक उष्ण व दाट असल्याने इंधन लवकर पेटते आणि ज्वलनाचा खडखडाट कमी होतो. दुसरीकडे नवे आवाज निर्माण होतात. दंड मिनिटाला १,२०,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या किंचितशा असमतोलामुळे २,००० हर्ट्‌झ कंप्रतेची शीळ ऐकू येते. संपीडकाच्या पात्यांमुळे याहून उंच स्वर निघतो, तर प्रवेगक अचानक सोडल्यास दाबलेली हवा उलट फिरून फडफड ऐकू येते.

प्रारंभ : स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे एकस्व (पेटंट) घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ओग्यूस्त रातो यांनी विमानाच्या एंजिनासाठी असे साधन तयार केले. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मी. उंच शिखरावर लिबर्टी एंजिनाची चाचणी घेऊन, विरळ हवेत घटणारी शक्ती भरून काढता येते हे दाखवून दिले. पुढे जहाजे व मालमोटारी यांच्या डीझेल एंजिनांत टर्बोचार्जर रुळला. तेथे जागा मुबलक होती व वायूंचे तापमानही मर्यादित होते. मोटारगाडीच्या अरुंद बॉनेटखाली या दोन्ही सवलती नव्हत्या.

मोटारगाडीत प्रवेश : १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या टर्बोचार्जरयुक्त गाड्या बाजारात आल्या. जेटफायरच्या ३·५ लिटर एंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०·२५ इतके मोठे असल्याने त्यात इंधनाचे अवेळी ज्वलन होऊन ठोके बसण्याचा धोका होता. तो टाळण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत येणाऱ्या हवेत फवारले जाई. या मिश्रणाची टाकी वेळोवेळी भरावी लागे. ती रिकामी झाल्यास दाब आपोआप मर्यादित होत असे. अनेक मालकांनी ही टाकी भरण्याकडे दुर्लक्ष केले आणि १९६३ नंतर ही गाडी बंद झाली. उष्णतेचे नियंत्रण चालकाच्या दक्षतेवर सोपविता येत नाही, हा या प्रयोगाचा धडा होता. वायुशीतित कॉर्व्हेअरमध्ये जादा वायू वळविणारी झडप नव्हती. कार्ब्युरेटर व सायलेन्सर यांच्या अडथळ्यामुळेच दाब आटोक्यात राही. आवाज दाबण्याचे साधन येथे शक्तीचा लगामही बनले होते.

हवेचे शीतन : ३०° से. तापमानाची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२५° से.पर्यंत तापते. तीच हवा ५५° से.पर्यंत थंड केल्यास तिची घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढते व ठोक्यांचा धोका घटतो. हे काम इंटरकूलर करतो. पोर्शे ९११ टर्बो या गाडीच्या ३·३ लिटर एंजिनासाठी १९७८ पासून तो मागील पंखाखाली बसविला गेला. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स (१९९२) मध्ये तो एंजिनाच्या डोक्यावर आला व त्याला वारा मिळावा म्हणून बॉनेटला मोठी नासिका ठेवली गेली. अशा जागी गाडी थांबली, की वारा बंद पडतो आणि खालच्या एंजिनाची उष्णता इंटरकूलरमध्येच शिरते. म्हणून अनेक रचनांत तो रेडिएटरच्या पुढे बसविला जातो.

शर्यतीच्या मैदानावरही हाच झगडा चालू होता. रनॉची १·५ लिटर टर्बोचार्जरयुक्त गाडी १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे फॉर्म्युला वनमध्ये उतरली. एंजिन बिघडून वारंवार वाफ व धूर निघत असल्याने तिला ‘पिवळी किटली’ असे चेष्टेने म्हणत. १९७९ मध्ये दीझाँ येथे झां-प्येर झाबूई यांनी रनॉच्या टर्बो गाडीतून शर्यत जिंकल्यावर ही थट्टा थांबली. स्वीडनच्या साब कंपनीने दैनंदिन वापराच्या गाडीत हे साधन स्थिरावले. १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी तिने ठोक्यांची चाहूल घेऊन दाब आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनिक योजना आणली. जेटफायरमध्ये चालकावर पडलेली जबाबदारी आता संवेदकाने उचलली.

बॉनेटखालील उपाय : एंजिन बंद केल्यावर धोका संपत नाही. वंगणाचा प्रवाह थांबतो, पण टरबाइनची उष्णता धारव्यांकडे पसरत राहते. तेथील तेल जळून कोळशासारखा थर जमतो व धारवे निकामी होतात. म्हणून लांबच्या प्रवासानंतर एंजिन थोडा वेळ मंद गतीने चालू ठेवावे, असा सल्ला दिला जाई. धारव्यांभोवती पाणी फिरविण्याची रचना व संश्लिष्ट तेले यांमुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली. काही गाड्यांत एंजिन थांबल्यावरही विद्युत्‌ पंप पाणी फिरवीत राहतो. टरबाइनच्या चक्रासाठी निकेलच्या मिश्रधातू वापरात आहेत. जपानच्या निस्सान कंपनीने १९८५ मध्ये सिलिकॉन नायट्राइड या मृत्तिका द्रव्याचे हलके चक्रही वापरले. कवचाभोवती चकचकीत पत्र्याची ढाल बसवितात. ती प्रारण परतविते, तर ढाल व कवच यांमधील फटीतून हवा वाहून उष्णता नेते.

ध्वनीचे नियम व नवा पेच : यूरोपीय समुदायाच्या १९७० च्या निर्देशाने मोटारगाडीच्या आवाजाची मर्यादा ८२ डेसिबेल ठरविली. ती १९७७ मध्ये ८०, १९८४ मध्ये ७७ व १९९२ मध्ये ७४ अशी उतरविण्यात आली. आठ डेसिबेलची घट म्हणजे ध्वनिऊर्जा सुमारे एक-षष्ठांशावर आणणे होय. त्यासाठी बॉनेटच्या आतून फेस व तंतू यांचे थर, एंजिनाखाली बंदिस्त तळपत्रे आणि हवेच्या नळीवर अनुनादी कोठ्या आल्या. अशी कोठी ठराविक कंप्रतेचा स्वर शोषून घेते व हवेचा मार्ग मोकळा ठेवते, म्हणून टर्बोचार्जरच्या शिट्टीवर ती सोईची ठरली. थर व तळपत्रे यांनी मात्र वाऱ्याच्या वाटा अडविल्या.

याच काळात एंजिनाची मांडणी अधिक दाट होत गेली. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये व्ही आकाराच्या आठ सिलिंडरी एंजिनात दोन्ही टर्बोचार्जर दोन रांगांमधील खोबणीत बसविले. नळ्या आखूड झाल्या, पण सर्व उष्णता एंजिनाच्या माथ्यावर एकवटली. फोर्डच्या एक लिटर एंजिनात (२०१२) निष्कास नळ्या सिलिंडरमाथ्यातच ओतल्या. त्यांच्याभोवती पाणी फिरत असल्याने वायू टरबाइनकडे जाण्यापूर्वीच थोडे निवतात. उष्णता झाकण्यापेक्षा ती उगमापाशीच पाण्याकडे सोपविली, तर आवाज अडविणाऱ्या आच्छादनांशी संघर्ष कमी होतो, हे या रचनेचे महत्त्व होय.

भारतातील परिस्थिती : उन्हाळ्यात ४५° से.पर्यंत जाणारे तापमान व वाहनांच्या गर्दीत रेंगाळणारी चाल यांमुळे भारतात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. वेग नसल्याने वारा मिळत नाही व सर्व भार रेडिएटरच्या पंख्यावर पडतो. पुण्यात तयार झालेल्या टाटा सफारीने (१९९८) टर्बोचार्जर व इंटरकूलर असलेले डीझेल एंजिन अनेक ग्राहकांच्या परिचयाचे केले. वाहनांच्या ध्वनीच्या चाचण्या पुण्यातीलच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत होतात.

रचना कितीही निर्दोष असली, तरी तिची राखण वापरणाऱ्याकडेच राहते. कालांतराने ढालीचे स्क्रू ढिले होतात व पत्रा खडखडू लागतो. आवाज घालविण्याचा सोपा उपाय म्हणून काही वेळा ढालच काढून टाकली जाते. मग शेजारच्या नळ्या कडक होऊन तडकतात, आणि गळणारे तेल किंवा इंधन उघड्या तप्त कवचावर पडल्यास गाडी पेटू शकते. म्हणून सैल झालेली ढाल काढण्याऐवजी पुन्हा घट्ट बसविणे, हाच त्यावरील योग्य उपाय होय.