इमारतीच्या आत फोन वाट कशी दाखवतो? स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना त्याचा काय उपयोग?

मोठ्या रुग्णालयात एक्स-रेची खोली शोधताना कुणाचीही दमछाक होते. स्मृतिभ्रंश किंवा मेंदूला झालेली इजा असलेल्या व्यक्तीला तर परतीचं दारही सापडत नाही. मग 'हरवू' या भीतीने एकट्याने बाहेर पडणंच बंद होतं. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. रस्त्यावर त्यांना फोनमधला नकाशा मदत करू शकतो. इमारतीत शिरल्यावर मात्र तोच नकाशा गोंधळतो.

जीपीएस आत का चालत नाही?

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचे संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत फारच क्षीण होतात. स्लॅब आणि भिंती ते आणखी अडवतात. जे आत येतात, ते इकडेतिकडे आपटून येतात. त्यामुळे निळा ठिपका कधी शेजारच्या इमारतीत दिसतो आणि मजला तर कळतच नाही.

मग फोन जागा कशी ओळखतो?

- वाय-फायचे ठसे: प्रत्येक खोलीत वेगवेगळ्या राउटरचे सिग्नल कमी-जास्त ताकदीने मिळतात. ते आधी मोजून ठेवायचे आणि नंतर फोनला मिळालेल्या सिग्नलशी ताडून पाहायचे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2000 साली 'रडार' या प्रणालीत हे करून दाखवलं. त्यातली चूक साधारण 2 ते 3 मीटर होती.
- ब्लूटूथ बीकन: भिंतीवर लावलेली छोटी यंत्रं सतत आपला क्रमांक प्रसारित करतात. फोन जवळ आला की जागा कळते.
- वाय-फाय आरटीटी: सिग्नलला जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून ही सोय आली. पण फोन आणि राउटर दोन्ही त्यासाठी योग्य हवेत.
- फोनमधले सेन्सर: पावलं आणि वळणं मोजतात. काही फोनमधला हवेचा दाब मोजणारा सेन्सर मजला बदलल्याचं ओळखतो. मात्र पावलागणिक छोटी चूक साठत जाते.

म्हणूनच व्यवहारात यातल्या दोन-तीन पद्धती एकत्र वापरतात.

तीन मीटरची चूक किती मोठी?

लांब व्हरांड्यात ती जाणवणारही नाही. पण मध्ये भिंत असेल, तर तीन मीटर म्हणजे दुसरीच खोली. इतर माणूस पाटी वाचून चूक सुधारतो. स्मरणशक्ती साथ देत नसेल, तर एका चुकीच्या सूचनेनेही माणूस घाबरून जातो. त्यामुळे मजला आणि दार बरोबर सांगणं जास्त महत्त्वाचं.

वाट सांगायची कशी?

ठिपका अचूक असला, तरी नकाशा वाचता येईलच असं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2006 मध्ये बोधनक्षमतेच्या अडचणी असलेल्या लोकांना छायाचित्रं, आवाज आणि मजकूर अशा तीन प्रकारे वाट सांगून पाहिली. तिन्ही प्रकारांनी लोक पोहोचू शकले. पण प्रत्येकाची पसंती वेगळी होती. सूचना नेमक्या वेळी येणं आणि 'तुम्ही बरोबर चालला आहात' असा दिलासा मिळणंही गरजेचं ठरलं. 'पंधरा मीटरवर डावीकडे' यापेक्षा 'समोरच्या लाल दाराकडे वळा' हे समजायला सोपं.

मदत की पाळत?

फोन वाट दाखवतो, तेव्हा माणूस कुठे आहे याची नोंदही ठेवू शकतो. ती मुलांना दिसावी का, किती दिवस राहावी, हे त्या व्यक्तीला समजतं आहे तेव्हाच, म्हणजे आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात विचारलेलं बरं. फोन वापरायची सवयही याच टप्प्यात लागते.

फोन विसरला, बॅटरी संपली किंवा राउटर हलवले, तर ही मदत बंद पडते किंवा चुकते. म्हणून मोठ्या अक्षरांच्या पाट्या, वेगळ्या रंगाची दारं आणि विचारपूस करणारा माणूस यांची जागा फोन घेत नाही. ज्याला तो वापरता येतो, त्याला मात्र आणखी काही काळ हात न धरता चालता येतं.