कुजबुजीची बाजारपेठ

मराठी बोलीत मासिक पाळीला उघड नाव क्वचितच मिळाले. 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'अडचण आहे', 'दूर बसली' या साऱ्या, नाव न घेता सांगण्यासाठी भाषेने काढलेल्या आडवाटा. ही कोंडी सॅनिटरी पॅडच्या जाहिरातींनी फोडली, असे पुष्कळदा म्हटले जाते. या वस्तूचा इतिहास पाहता ते श्रेय तपासून घ्यावे लागेल, असे आम्हांस वाटते.

पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा होता, तेव्हा जखमांवर बांधण्यासाठी अमेरिकेतील किम्बर्ली-क्लार्क कंपनीचे, लाकडाच्या लगद्यापासून बनवलेले 'सेल्युकॉटन' वापरात आले. परिचारिकांनी ते पाळीच्या दिवसांत वापरून पाहिले. म्हणजे हा उपयोग शोधला तो स्त्रियांनीच. १९२० मध्ये कंपनीने ते 'कोटेक्स' या नावाने बाजारात आणले. पण दुकानातल्या पुरुषाकडे ते मागायचे कसे? त्यावर तोड निघाली. खोकी समोरच मांडून ठेवावीत, शेजारी पैशांची पेटी असावी. बाईने पैसे टाकावेत, खोके उचलावे आणि चकार शब्द न काढता निघून जावे. युक्ती सोयीची खरी. पण तिने संकोच दूर केला नाही, त्यालाच विक्रीचा आधार बनवले.

भारतात हेच निराळ्या रीतीने घडले. अन्य अनेक देशांत 'ऑल्वेज' या नावाने विकले जाणारे पॅड येथे 'व्हिस्पर', म्हणजे कुजबूज, हे नाव घेऊन आले. दूरदर्शनच्या पडद्यावर रक्ताच्या जागी निळे पाणी वाहू लागले. जाहिरातीतली मुलगी पांढऱ्या कपड्यांत उड्या मारत होती, आणि औषधांच्या दुकानात तेच पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातले जात होते.

जुन्या कापडाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्यांखाली वाळणाऱ्या त्या घड्यांतही लाजच होती. आणि पॅडमुळे शाळा, कचेरी, प्रवास सुकर झाला, हे नाकारता येत नाही. प्रश्न वस्तूचा नसून तिच्यासोबत विकल्या गेलेल्या मौनाचा आहे.

त्या मौनाला किंमत असते. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कुंकू, टिकल्या, बांगड्या करमुक्त होत्या आणि पॅडवर १२ टक्के कर होता. सौभाग्यचिन्हे शासनाला आवश्यक वाटली, शरीराची गरज नव्हे. स्त्रियांनी उघडपणे आवाज उठवला, त्यानंतर जुलै २०१८ मध्ये तो कर रद्द झाला.

बीड जिल्ह्याने याहून मोठी किंमत दाखवली. २०१९ मध्ये शासकीय समितीसाठी झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. पण फडावर ना आडोसा ना पाणी, आणि पाळीत एक दिवस बसले तर 'खाडा' पडून पैसे कापले जाणार, हे त्यांतले एक. ही अडचण मुकादमाला सांगणार कोण आणि कोणत्या शब्दांत?

जाहिरातीतली मुक्ती या फडापर्यंत पोहोचली नाही. कुजबूज मात्र तेथे आधीपासूनच होती. म्हणून वर्गात जाहिरातींची भाषा शिकवताना त्यांनी काय सांगितले, याबरोबर काय झाकले, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आम्ही आमचे काम समजतो.