‘काच’, शलाका आणि कृत्रिम भिंग : नेत्रवैद्यकाच्या पोथ्यांसंबंधीं एक विचार

वैद्यकाच्या जुन्या पोथ्या व मोडी बाडें यांचा संग्रह करणाऱ्यांस नेत्ररोगांच्या प्रकरणांत तिमिर, काच आणि लिंगनाश हे तीन शब्द वारंवार भेटतात. यांतील मधला शब्द मोठा फसवा आहे. मराठींत काच म्हणजे आरशाची किंवा चष्म्याची काच. आणि मोतीबिंदु काढून डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविण्याची क्रिया आतां खेड्यापाड्यांतही परिचयाची झाली आहे. तेव्हां एकाच पानावर ‘काच’ व ‘शलाका’ हे शब्द आढळले, कीं आपल्या पूर्वजांनीं डोळ्यांत काचेचें भिंग बसविलें होतें असा तर्क करण्याचा मोह होतो. हा तर्क ग्रंथाधारें टिकतो किंवा नाहीं, याचा विचार येथें करूं.

प्रथम शब्द पाहूं. वैद्यक ग्रंथांत ‘काच’ हें रोगाचें नांव आहे. वाग्भटाच्या क्रमानें तिमिर वाढलें म्हणजे काच होतो, आणि काच वाढला म्हणजे लिंगनाश, म्हणजे दृष्टीचा लोप होतो. सुश्रुतानें तर लिंगनाशासच नीलिका व काच अशीं नांवें दिलीं आहेत. म्हणजे ‘काच झाला’ याचा अर्थ डोळा बिघडला असा आहे; डोळा दुरुस्त केला असा नव्हे.

आतां शलाका. सुश्रुताच्या उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायांत कफज लिंगनाशावर ही क्रिया सांगितली आहे. शलाका आठ अंगुळें लांब, तांब्याची, लोखंडाची किंवा सोन्याची, मध्यें सूत गुंडाळलेली आणि टोकांस कळीच्या आकाराची असावी. रोग्यानें आपल्या नाकाकडे पहावें; वैद्यानें डाव्या डोळ्यास उजव्या हातानें व उजव्या डोळ्यास डाव्या हातानें वेध करावा. बुबुळापासून व डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून अंतर राखून पांढऱ्या भागांत शलाका शिरवावी, स्त्रीचें दूध शिंपावें आणि टोकानें दृष्टिमंडळ खरवडावें. मग रोग्यानें दुसऱ्या बाजूची नाकपुडी दाबून जोरानें श्वास सोडावा. दृष्टि निरभ्र सूर्यासारखी स्वच्छ झाली व पदार्थ दिसूं लागले, कीं शलाका हळूच काढावी. नंतर तूप, पट्टी, उताणें निजणें, आणि शिंक, खोकला व ढेकर यांचा निषेध. या सूक्ष्म वर्णनांत घालण्याच्या वस्तूचा उल्लेख कोठेंही नाहीं. मळ बाहेर पडे कीं आंतच बाजूस सरे, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत; परंतु दोन्ही पक्ष धरले तरी डोळ्यांत नवें कांहीं बसत नाहीं.

बसविण्याची कल्पना त्या काळीं कां सुचली नाहीं, याचें कारण आमच्या मतें कौशल्याच्या उणिवेंत नसून ज्ञानाच्या क्रमांत आहे. मोतीबिंदु म्हणजे डोळ्यांतील नैसर्गिक भिंगच गढूळ होणें, ही गोष्ट प्राचीनांस ठाऊक नव्हती. आपल्याकडील वैद्य दृष्टीवर दोषांचें पटल आलें असें मानीत; यूनानी हकीम या विकारास ‘नुजूल-उल्-मा’, म्हणजे पाणी उतरणें, असें म्हणत. आपला ‘मोतीबिंदु’ हा शब्दही थेंबाचीच आठवण देतो. पडदा सारला किंवा पाणी काढलें म्हणजे काम संपलें, अशी समजूत असतां त्या जागीं दुसरें काय ठेवावें हा प्रश्न उत्पन्नच होत नाहीं. फ्रान्समध्यें ब्रिसो यानें १७०५ सालीं मृताचा डोळा चिरून पाहिला आणि गढूळ झालेलें भिंग हाच मोतीबिंदु, असें प्रतिपादन केलें. पुढें दाविएल यानें भिंग बाहेर काढण्याची रीति बसविली व १७५३ सालीं ती प्रसिद्ध केली. तेथून ‘सारणें’ मागें पडून ‘काढणें’ सुरू झालें. अठराव्या शतकाच्या अखेरीस ड्रेस्डेन येथें कासामाटा या नेत्रवैद्यानें काचेचें भिंग घालून पाहिलें. परंतु तें डोळ्याच्या तळाशीं गेलें आणि प्रयोग फसला.

या संक्रमणाच्या काळांतील महत्त्वाचे कागद एका मराठी दरबारानेंच राखले आहेत. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यारोहण १७९८, मृत्यु १८३२) हे श्वार्त्स या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखालीं शिकलेले. त्यांच्या धन्वंतरिमहालांत देशी, यूनानी व युरोपीय अशा वैद्यकांचा अभ्यास चाले. त्यांच्या काळच्या नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वतीमहाल ग्रंथालयांत आहेत. रोगी, लक्षण, उपचार व परिणाम यांची अशी क्रमवार नोंद ठेवणें हाच या कागदांचा खरा मोठेपणा होय. कृत्रिम भिंगाचा शोध त्यांत करूं नये; त्या काळीं तें जगांत कोठेंच यशस्वी झालें नव्हतें.

भिंग गेलेल्या डोळ्यास प्रकाश दिसतो, परंतु वस्तु रेखीव दिसत नाहीं. त्याकरितां सुमारें दहा डायॉप्टरचा जाड, फुगीर चष्मा लागे; त्यांतून सर्व पदार्थ सुमारें पाव हिश्श्यानें मोठे दिसत. दुसऱ्या महायुद्धांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही निरुपद्रवी राहतात, असें हॅरोल्ड रिड्ली यांस आढळलें. त्याच द्रव्याचें भिंग त्यांनीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं प्रथम बसविलें, आणि ८ फेब्रुवारी १९५० रोजीं तें कायमचें केलें. त्यांच्या व्यवसायबंधूंनीं दीर्घकाळ विरोध केला. पुढें २००० सालीं त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला. भारतांत मदुरा येथील ऑरोलॅब या संस्थेनें १९९२ पासून स्वस्त भिंगें बनविण्यास आरंभ केला. १९९४ ते २००२ या काळांत जागतिक बँकेच्या साह्यानें चाललेल्या मोतीबिंदु-निवारणाच्या योजनेंत महाराष्ट्रही होता.

हा विषय हिंगोली जिल्ह्यांतील संग्राहकांपुढें मुद्दाम मांडण्याचें कारण आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. हिंगोली येथें १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. अशा भागांत वैद्यांच्या संस्कृत पोथ्या, मोडी बाडें, फारसी-उर्दू नुस्खे आणि छावणीचे इंग्रजी कागद एकाच दप्तरांत मिसळलेले सांपडणें संभवनीय आहे. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगांव येथें कोणाच्या घरीं असें दप्तर असल्यास त्यांतील ‘काच’ व ‘नुजूल’ हे शब्द आजच्या अर्थानें वाचूं नयेत. प्रत्येक नोंदीस तीन प्रश्न विचारावे : मोतीबिंदु सारला, काढला, कीं त्या जागीं कांहीं बसविलें? उत्तर देतांना मूळ ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी, आणि कागदाचा काळ प्रथम ठरवावा.

आणखी एक सूचना. दप्तराबरोबर जाड, फुगीर भिंगांचा जुना चष्मा मिळाल्यास तो टाकूं नये. घरांतील कोणाच्या डोळ्यांतील भिंग सारलें किंवा काढलें गेलें असावें, याचा तो साक्षी ठरूं शकतो. चष्मा कोणत्या बाडाबरोबर मिळाला हें त्याच वेळीं लिहून ठेवावें. एकदां दोन्ही वेगळीं झालीं म्हणजे त्यांचा संबंध पुन्हां जुळविणें कठीण. सुश्रुताच्या शलाकेचा व सरफोजीराजांच्या नोंदींचा गौरव जेवढा आहे तेवढा पुरेसा आहे. न घडलेल्या गोष्टीची त्यांत भर घातली, तर खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडेल, आणि ती हानि आपणांस भरून काढतां येणार नाहीं.